फुकटचं लायसन्स बदलताना

घरच्या दुकानात, दवाखान्यात किंवा शाळेत 'कॉम्प्युटरचं बघणारा' कोणीतरी एकजण असतोच. तो तुम्हीच असाल, तर आजचा विषय तुमच्यासाठी आहे.

सुरुवात बहुतेकांची सारखीच असते. एक सर्व्हर घ्यायचा, त्यावर व्हीएमवेअरचं फुकटचं ईएसएक्सआय टाकायचं आणि एकाच यंत्रात बिलिंग, हजेरी, फायली अशी तीन-चार व्हर्च्युअल मशीन चालवायची. काम छान चालतं. मग दुसरा सर्व्हर येतो, तिसरा येतो आणि सगळ्यांचा कारभार एका जागेवरून बघावासा वाटतो. त्यासाठी व्हीसेंटर लागतं. पण फुकटच्या लायसन्सवरचा सर्व्हर व्हीसेंटरला जोडताच येत नाही. बहुतेक बॅकअप सॉफ्टवेअर ज्या वाटेने मशीनची प्रत घेतात, तीही वाट या लायसन्समध्ये बंद असते.

अनेकजण इथे चकतात. आवृत्ती ७ किंवा ८ चं ईएसएक्सआय नव्याने टाकलं, की त्याला ६० दिवसांची चाचणी मुदत मिळते आणि त्या काळात सगळ्या सोयी खुल्या असतात. सर्व्हर व्हीसेंटरला जोडला जातो आणि सगळं जमलं असं वाटतं. मुदत संपली की सर्व्हर व्हीसेंटरपासून तुटतो. चालू असलेली मशीन चालू राहतात, पण एकदा बंद केलेलं मशीन पुन्हा सुरू होत नाही. वीज गेली, यूपीएस संपला, की दुसऱ्या दिवशी सकाळी बिलिंग ठप्प! म्हणून मुदत संपण्याची तारीख आजच कॅलेंडरवर लिहा.

दिलासा असा, की लायसन्स बदलायला ईएसएक्सआय पुन्हा टाकावं लागत नाही आणि मशीनही बंद करावी लागत नाहीत. आवृत्ती ७ किंवा ८ असेल तर क्रम असा ठेवा:

१. आधी महत्त्वाच्या मशीनची प्रत वेगळ्या डिस्कवर काढा. जुनी लायसन्स की लिहून ठेवा.
२. ब्राउझरमधून सर्व्हर उघडा. 'मॅनेज'मध्ये 'लायसेन्सिंग' आणि मग 'असाइन लायसन्स' निवडा. नवी की टाका, तपासा आणि मान्य करा.
३. त्यानंतर व्हीसेंटरमध्ये 'अॅड होस्ट' करा. तिथे 'लॉकडाउन मोड' विचारला जाईल. सुरुवातीला तो बंदच ठेवा.
४. व्हीसेंटरलाही लायसन्स लागतं, हे विसरू नका. त्याचीही चाचणी मुदत ६० दिवसांचीच असते.

खरा प्रश्न पैशांचा आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतलं आणि डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबवली. आता ठरावीक मुदतीची वर्गणी भरावी लागते, तीही प्रोसेसरच्या कोरच्या संख्येवर. एका प्रोसेसरचे किमान १६ कोर धरले जातात. तुमच्या सर्व्हरमध्ये ८ कोरचे दोन प्रोसेसर असले, तरी हिशेब ३२ कोरचाच होणार. असे तीन सर्व्हर म्हणजे ९६. फुकटची आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये परत आली. एवढ्या काळात किती जणांची धावपळ झाली असेल, विचार करा.

म्हणून विक्रेत्याला फोन लावण्याआधी स्वतःला विचारा: मला एकत्रित कारभार खरंच हवा आहे का? दोनच सर्व्हर असतील, तर ब्राउझरचे दोन टॅब पुरतात, पण बॅकअपची सोय वेगळी करावी लागेल. तीन-चार सर्व्हर असतील आणि वर्गणी झेपत नसेल, तर प्रॉक्समॉक्सचा विचार करा. त्यात अनेक सर्व्हर एकत्र जोडायला लायसन्स विकत घ्यावं लागत नाही, वर्गणी असते ती तांत्रिक मदतीसाठी आणि तपासलेल्या अपडेटसाठी. मात्र सगळी मशीन तिकडे हलवणं हे काही तासाभराचं काम नाही. आधी एखादं बिनमहत्त्वाचं मशीन हलवून बघा.

निर्णय कोणताही घ्या, पण तो मुदत संपायच्या आधी घ्या. आणि लायसन्सच्या चाव्या, पासवर्ड, तारखा हे सगळं एका वहीत लिहून घरातल्या आणखी एकाला दाखवून ठेवा.