हॅलोवीनची पिशवी स्वयंपाकघरात आणा

हॅलोवीन झालं की पुढच्या सोमवारी अमेरिकेतल्या बहुतेक ऑफिसांत कॉफी मशीनशेजारी एक मोठा वाडगा दिसतो. किटकॅट, स्निकर्स, रीसेस, मूठभर लॉलीपॉप. कुणाच्या तरी मुलाने थंडीत घरोघर फिरून, अनोळखी दारांवरच्या बेल वाजवून मिळवलेली ही कँडी. मूल झोपल्यावर आईबापांनी ती पिशवीतून काढून सहकाऱ्यांपुढे ठेवलेली असते. हेतू चांगलाच असतो, दात किडू नयेत, साखर कमी पोटात जावी. तरीही मला ही रीत पटत नाही. मुलाची कमाई त्याच्या नजरेआड नाहीशी करण्यापेक्षा ती त्याच्याच हाताने ओट्यावर यावी. त्याने ती चिरावी, पिठात घालावी, भाजावी आणि वाटावी. आपल्या मराठी घरांत हा दरवर्षीचा रिवाज व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हा सण आपला कुठे? पण दारोदार कँडी मागण्याची चाल इथल्यांसाठीही फार जुनी नाही. ती १९३०च्या दशकात पसरू लागली, दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४७ साखरेचं रेशनिंग होतं तेव्हा मंदावली, आणि त्यानंतर घट्ट रुजली. आजच्या आजीआजोबांच्या हयातीतच ती घराघरांत पोचली. आपली मुलं तर ती जन्मापासून पाळताहेत. २०२४ साली इथे लक्ष्मीपूजन आणि हॅलोवीन एकाच संध्याकाळी आलं, तेव्हा पूजा आटपून मुलं तशीच पोशाख चढवून बाहेर पडली. त्यांच्या मनात या दोन सणांचं भांडण नव्हतंच.

दुसरा आक्षेप असा की भाजलेले पदार्थ आपल्या परंपरेतले नाहीत. ज्यांचं बालपण पुण्या-मुंबईत, नाशिक-कोल्हापुरात गेलं, त्यांनी जरा नानकटाई आठवावी. घरात ओव्हन नव्हता, म्हणून दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत रवा, मैदा, तूप, पिठीसाखर पिशवीत घालून गल्लीतली बेकरी गाठायची. तिथल्या काळ्या पडलेल्या पत्र्याच्या ट्रेमध्ये गोळे मांडायचे, वर वेलदोड्याचे दाणे दाबायचे आणि भट्टीच्या धगीत नंबरची वाट बघत उभं राहायचं. आपला ट्रे दुसऱ्याच्या ट्रेशी बदलला जाऊ नये म्हणून राखण करायचं काम मुलांचं. घरी परतताना डबाही मुलांच्याच हातात, आणि वाटेत झाकण उघडून एखादी तोंडात टाकली तर कुणी ओरडत नसे. ते सगळं आजही आठवतं, कारण त्यात आपल्याला काम होतं.

आता आपल्या इथल्या फराळाकडे बघा. चकली-चिवडा दुकानातून येतो, नाहीतर ऑर्डर घेणाऱ्या एखाद्या काकूंकडून. घरी केला तरी कढईतल्या गरम तेलाजवळ लहान मुलांना आपण फिरकू देत नाही, आणि ते बरोबरच आहे. मग मुलांच्या वाट्याला फक्त खाणं उरतं, आणि तेही हल्ली आग्रह केल्यावर. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्याकडे स्वतःची, मोजून-वर्गवारी करून, भावंडांशी सौदे करून राखलेली कँडी असते. तिथून त्यांना स्वयंपाकघरात आणणं सोपं आहे.

करायचं काय, तेही सांगते. स्निकर्स किंवा मिल्की वे तशीच चिरायला गेलं तर कॅरमेल सुरीला चिकटतं; तासभर फ्रीझरमध्ये ठेवलेली वडी मात्र टक्कन तुटते. ब्राउनीच्या किंवा कुकीबारच्या नेहमीच्या कृतीतली साखर एक तृतीयांश कमी करा, चिमूटभर मीठ जास्त घाला, मूठभर ओट्स घाला. मी वेलचीपूड घालते आणि शेंगदाण्याच्या कँडीबरोबर ती फार छान लागते. ट्रेला पार्चमेंट पेपर लावाच, नाहीतर वितळलेलं कॅरमेल कडांना धरून बसतं. ३५० अंश फॅरनहाइटला भाजा. एमअँडएमच्या गोळ्या शेवटी वरून दाबा म्हणजे रंग दिसतात. कँडी कॉर्न मात्र ओव्हनमध्ये घालू नका, त्याचा चिकट पाक होतो.

हे उरल्यासुरल्याचं जुगाड आहे असं कुणी नाक मुरडून म्हणेल. अमेरिकेची लाडकी चॉकलेट चिप कुकी अशीच तर झाली: मॅसॅच्युसेट्समधल्या व्हिटमन गावी टोल हाउस चालवणाऱ्या रूथ वेकफील्ड यांनी चॉकलेटची वडी चिरून पिठात घातली आणि १९३८ साली ती कृती आपल्या पुस्तकात छापली. तयार चिप्स बाजारात आल्या त्या नंतर.

साखरेवर साखर, हा आक्षेप मला खरा वाटतो. म्हणून तुकडे लहान कापावेत, थोडे घरी ठेवावेत, बाकी शेजारी आणि मित्रांकडे मुलांच्याच हाती पाठवावेत. पिशवी कपाटात राहिली तर मूल तीन आठवडे येता-जाता खात राहतं. त्यापेक्षा हे बरं.

काळजी घ्यायची ती आणखी दोन गोष्टींत. आपल्यात शाकाहारी घरं पुष्कळ आहेत. मार्शमेलोत, इथल्या स्टारबर्स्टमध्ये आणि कँडी कॉर्नमध्ये बहुधा जिलेटिन असतं, स्निकर्समध्ये अंड्याचा पांढरा बलक असतो. वेष्टन वाचून मगच घाला. आणि शेंगदाण्याची ॲलर्जी हा खेळ नाही. २०१४पासून काही दारांत निळसर-हिरवा भोपळा दिसतो; आमच्याकडे खाऊऐवजी छोटी खेळणी आहेत, अशी ती खूण. इतकी दक्षता इथले शेजारी आपल्या मुलांसाठी घेतात, तर आपणही ती घेऊ.

२०२६ साली हॅलोवीन शनिवारी आहे आणि लक्ष्मीपूजन रविवार, ८ नोव्हेंबरला. मधल्या १ तारखेच्या रविवारी घड्याळं मागे जातात, म्हणजे एक तास जास्तीचा मिळतो. त्या दिवशी घरोघर भाजलेले बार फ्रीझरमध्ये टिकतात. आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात फराळाच्या टेबलापासून वेगळं, मुलांचं एक टेबल ठेवावं, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. प्रत्येक डब्यापुढे मुलांनी स्वतःच्या अक्षरात मराठीत चिठ्ठी लावावी: काय घातलं आहे, शेंगदाणे आहेत का, अंडं आहे का. मराठी शाळेच्या शिक्षिकांनी आदल्या आठवड्याचा तास या चिठ्ठ्यांसाठी द्यावा.