जंत घटताना निदानाची कसोटी

मलाच्या तपासणीत जंतांची अंडी आढळली नाहीत, याचा अर्थ आतड्यात जंत नाहीत असा होत नाही. जंतनाशक मोहिमेच्या पुढील टप्प्यात हाच फरक निर्णायक ठरणार आहे.

राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वर्षे वयोगटाला शाळा व अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोल दिले जाते. २०१५ पासून सुरू असलेल्या या मोहिमेत गोळीपूर्वी कोणाचीही तपासणी होत नाही. गोळी स्वस्त आणि सुरक्षित, तर तपासणी खर्चिक असल्याने हे धोरण योग्यच होते. मात्र गोळी वर्षातून एकदा द्यावी, दोनदा द्यावी की थांबवावी, हे सर्वेक्षणावर ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार लागण २० टक्क्यांवर असल्यास वर्षातून एकदा, ५० टक्क्यांवर असल्यास दोनदा औषध द्यावे लागते. २०१६ अखेर पूर्ण झालेल्या देशव्यापी पाहणीत हे प्रमाण मध्य प्रदेशात १२.५, तर तमिळनाडूत ८५ टक्के होते. पुढे मध्य प्रदेशात ते लक्षणीय घटले.

अडचण येथूनच सुरू होते. अशा सर्वेक्षणांत प्रचलित असलेल्या काटो-कात्झ पद्धतीत अवघा ४१.७ मिलिग्रॅम मल काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली अंडी मोजतात. लागण तीव्र असताना ती भरवशाची ठरते. सौम्य लागणीत विरळ अंडी सहज निसटतात. अंडी रोज सारख्या संख्येने पडत नाहीत आणि गोलकृमीची लागण झाल्यावर ती मलात दिसण्यास दोन-तीन महिने लागतात. रक्त शोषून पंडुरोगाला कारण होणाऱ्या अंकुशकृमीची गत तर आणखी बिकट आहे. काचपट्टीवरील ग्लिसरीनमुळे त्याची अंडी तासाभरात पारदर्शक होऊन दिसेनाशी होतात. तंत्रज्ञाला उशीर झाला, की अहवाल निर्दोष! स्ट्राँगिलॉइडिस या कृमीच्या मलात अंडी नव्हे, अळ्या येतात. त्या या पद्धतीत बहुधा सापडतच नाहीत आणि अल्बेंडाझोलच्या एका मात्रेने हा कृमी क्वचितच पुरता नष्ट होतो.

जंतांच्या जनुकीय अंशाचा शोध घेणारी पीसीआर चाचणी अधिक संवेदनशील आहे. तमिळनाडूसह तीन देशांत झालेल्या ‘डीवर्म-३’ चाचणी-अभ्यासात तिचाच आधार घेण्यात आला. मात्र तिला सुसज्ज प्रयोगशाळा आणि खर्च लागतो. ती जिल्ह्यांपर्यंत पोहोचेपर्यंत किमान सलग दोन दिवसांचे नमुने आणि वेळेत वाचलेल्या काचपट्ट्या यांविना गोळी थांबवण्याचा निर्णय घेणे घाईचे ठरेल, कारण गोलकृमीची अंडी मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात.