‘व्होल्टेज प्रॉब्लेम’ म्हणजे नेमके काय?

कारखान्यातली ब्रेकडाउनची नोंदवही चाळली, की ‘व्होल्टेज प्रॉब्लेम’ हे कारण पानोपानी दिसते. कॉन्टॅक्टर सुटला, न्यूट्रल तापली, कपॅसिटर फुगला, शेरा तोच. अशा नोंदीवरून ना दुरुस्ती ठरते, ना वीज कंपनीकडे तक्रार टिकते.

आपल्या व्यवसायाला नेमकी परिभाषा मिळालेली आहे, ती वापरू या. आयईईई 1159 नुसार व्होल्टेज 90 ते 10 टक्क्यांदरम्यान उतरून अर्धी सायकल ते एक मिनिट एवढ्या अवधीत सावरले, तर तो सॅग. मिनिटापेक्षा जास्त काळ खाली राहिले, तर अंडरव्होल्टेज. हा फरक पैशांचा आहे. अंडरव्होल्टेजवर ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलून किंवा स्टॅबिलायझर बसवून भागते. सॅग मात्र सर्व्हो स्टॅबिलायझरची मोटर फिरण्याआधीच होऊन जातो. तिथे निदान कंट्रोल सर्किटला तरी यूपीएस द्यावा लागतो.

हार्मोनिक्सचे दुखणे आणखी निराळे. तिथे व्होल्टेजचा आकडा ठीक असतो, तरंगाचा आकार बिघडलेला असतो. सिंगल फेजच्या इलेक्ट्रॉनिक लोडमुळे येणारे 150 हर्ट्झचे तिसरे हार्मोनिक तिन्ही फेजमधून न्यूट्रलमध्ये येऊन साचते आणि ती तापते. अशा पॅनेलवर ट्रू आरएमएस मीटरच लावावा. कपॅसिटर बसवण्याआधी रेझोनन्सचा धोका तपासावा आणि गरजेप्रमाणे डिट्यून्ड रिॲक्टर घ्यावा.

मोजणीतही एक फसगत आहे. पुष्कळ लॉगर दहा मिनिटांची सरासरी देतात. 230 व्होल्टचा पुरवठा 100 मिलीसेकंदांसाठी 40 टक्क्यांवर आला, तर कॉन्टॅक्टर सुटू शकतो. पण त्या दहा मिनिटांची आरएमएस सरासरी 229.98 व्होल्ट दिसते. अहवाल स्वच्छ आणि यंत्र बंद! म्हणून आयईसी 61000-4-30 मध्ये सॅगसाठी एका सायकलीचे आरएमएस मूल्य दर अर्ध्या सायकलीला काढायला सांगितले आहे. उपकरण घेताना ते क्लास ए आहे का, हे विचारा आणि सॅगची मर्यादा त्यात स्वतः भरा.

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या 2021 च्या पुरवठा संहिता विनियमांच्या नावातच वीज गुणवत्तेचा समावेश आहे. आता नोंदी तितक्या काटेकोर ठेवणे आपल्याकडे आहे. तारीख, वेळ, फेज, उरलेले व्होल्टेज, कालावधी आणि बंद पडलेले यंत्र हे सहा रकाने या महिन्यापासून आपल्या नोंदवहीत आखा. तक्रारीला पुरावा मिळेल आणि चुकीच्या उपकरणावर होणारा खर्च वाचेल.