इमॅजिकाची सहल आणि कार्डाचं व्याज

मंडळी, सुट्ट्या जवळ आल्या आणि आपल्या एसटी स्टँडसमोर क्रेडिट कार्डवाल्यांचं टेबल लागलं. "सर, पोरांना घेऊन खोपोलीला इमॅजिकाला जाणार ना? या कार्डावर पॉइंट जास्त, त्या कार्डावर कॅशबॅक." लोक उभ्या उभ्या दोन कार्डांची तुलना करतायत. करा की! पण बघायचा रकानाच चुकतोय.

माझ्याच कार्डाचं घ्या. १०० रुपयांना १ पॉइंट, पॉइंटची किंमत २५ पैसे. म्हणजे लाखभर उधळले की हातात २५० रुपये. चौघांचं जेवण तरी होतं का त्यात?

आता समजा सहलीचे २०,००० महिनाभर थकले. साडेतीन टक्क्यांनी व्याज ७००, त्यावर १८ टक्के जीएसटी १२६. झाले ८२६! वर बिनव्याजी मुदतही जाते, म्हणजे नंतर किराणा घेतला तरी त्याच दिवसापासून मीटर चालू. 'मिनिमम ड्यू' भरून मी स्वतः यात अडकलो होतो. पत्रकार असून अटी वाचल्या नाहीत, हसा खुशाल.

टेबलावरच्या पोराला व्याजदर विचारला. म्हणाला, "सर, पूर्ण बिल भरलं तर व्याज नाहीच." खरंय त्याचं. त्याला टार्गेट आहे, त्याच्यावर राग नाही. राग आहे तो पत्रकावर पॉइंटचा आकडा मुठीएवढा आणि व्याजाचा मुंगीएवढा छापणाऱ्या बँकेवर. ज्यांचा पगारच वेळेवर होत नाही, त्यांना 'पूर्ण बिल भरा' सांगून कार्ड गळ्यात मारायचं?

सही करण्याआधी वार्षिक फी, महिन्याचं व्याज आणि एका पॉइंटची किंमत लिहून मागा. पत्रकाचा फोटो टाकलाय, भिंग घेऊन बसा.