दोन आठवड्यांची सेवा

गेल्या महिन्यात एका रविवारी उपासनेनंतर घरी आलो तर भाची आधीच येऊन बसलेली. आईच्या शेजारी, हातात एक छापील कागद. मनात म्हटलं, काहीतरी काम निघालंय.

"मामा, तू चिडणार नसशील तर सांगते."

असं कुणी म्हटलं की माणूस अर्धा तिथेच चिडतो. असो. तर प्रकरण असं, की तिच्या चर्चच्या तरुण संघातली बारा मुलं-मुली मे महिन्यात दोन आठवडे केनियाला जाणार. सेवाकार्यासाठी. एका शाळेची भिंत रंगवायची, लहान मुलांना गाणी शिकवायची, संध्याकाळी सुवार्तेची सभा. खर्च माणशी सव्वा लाख. तो ज्याने त्याने नातेवाइकांकडून आणि मंडळीतून उभा करायचा.

मला तो 'भिंत' शब्दच टोचला.

त्याचं कारण सांगतो. मी नऊ-दहा वर्षांचा असताना आमच्याकडे असेच पाहुणे आले होते. परदेशातली गोरी, उंच, विशीतली मुलं. दहा दिवस होती. संडे स्कूलच्या खोलीची भिंत त्यांनी आकाशी रंगाने रंगवली, वर ढग काढले, आम्हाला हातवारे करून म्हणायची गाणी शिकवली. आमच्याबरोबर भरपूर फोटो काढले. जाताना एकाने मला आपला पत्ता लिहून दिला. मी दोन पत्रं पाठवली, मोडक्या इंग्रजीत, वडिलांकडून स्पेलिंग तपासून घेऊन. त्या काळी परदेशी टपालाचे पैसे गिरणी कामगाराच्या घरात जाणवायचे. उत्तर आलं नाही. पुढच्या पावसाळ्यात ओल येऊन ढगांचे पोपडे निघाले. कुठेतरी कुणाच्या अल्बममध्ये मी अजूनही दात काढून हसत असेन.

उद्या केनियातल्या कुणा पोराच्या डोक्यात माझी भाची अशी राहिली तर? मला तेच नको होतं.

आमच्या घराण्यात मिशनरी ही काही परकी गोष्ट नाही. पणजोबा नगर जिल्ह्यातले. त्यांना अक्षरओळख झाली ती अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत. आजोबा तिथूनच गिरणीत कामाला म्हणून परळला आले. त्या मिशनची सुरुवात मुंबईत झाली. 11 फेब्रुवारी 1813 रोजी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट इथे उतरले तेव्हा हॉल अठ्ठावीस वर्षांचा होता, नॉट चोवीसचा. म्हणजे तरुण संघच! कंपनी सरकारला मिशनरी नको होते. परत पाठवायचे हुकूम निघाले, दोघे गुपचूप जहाजाने कोचीनला निसटले, तिथून त्यांना परत आणलं. मग त्यांनी गव्हर्नर सर इव्हान नेपियनना पत्र लिहिलं. न्यायाच्या दिवशी देवापुढे याचा जाब द्यावा लागेल, अशा अर्थाचं. कंपनीच्या गव्हर्नराला असं लिहायचं! शेवटी त्यांना राहू दिलं गेलं.

गव्हर्नराचा बंगला तेव्हा परळला होता. आज तिथे हाफकिन इन्स्टिट्यूट आहे. त्याही आधी ती वास्तू जेझुइट पाद्र्यांची होती. केईएमकडे जाताना मी आयुष्यभर तिच्यावरून गेलोय, आणि हे सगळं मला पन्नाशीत कळलं.

त्यांच्याच तुकडीतली हॅरिएट न्यूवेल. 1812 च्या फेब्रुवारीत नवऱ्याबरोबर अमेरिकेहून निघाली तेव्हा अठरा वर्षांची. कलकत्त्यात राहू देईनात म्हणून मॉरिशसकडे निघाले. वाटेत जहाजावर बाळंत झाली, मूल पाच दिवसांत गेलं, आणि नोव्हेंबरअखेर मॉरिशसला तीही गेली. वय एकोणीस. तिचा नवरा पुढे मुंबईत येऊन राहिला, 1821 साली कॉलऱ्याने वारला. हॉलही 1826 मध्ये कॉलऱ्यानेच गेला, नाशिक-त्र्यंबककडच्या दौऱ्यात, रोग्यांना औषध देत फिरताना. एकेचाळीस वर्षांचा होता.

भाचीला हे सगळं सांगितलं. म्हटलं, याला म्हणतात जाणं. ही माणसं परतीचं तिकीट काढून आली नव्हती. हॉल मराठी शिकला, गल्लीबोळांत उभा राहून मराठीत बोलला. मिस सिंथिया फरार 1827 साली मुंबईत आली ती मुलींच्या शाळांसाठी. पुढे नगरला गेली आणि 1862 साली नगरलाच वारली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं शिक्षण घेतलं ते तिच्याकडे, असं सांगतात. चौदा दिवसांत तुम्ही काय करणार? तिथल्या रंगाऱ्याला सव्वा लाख दिले तर तो चार शाळा रंगवेल.

भाची शांतपणे म्हणाली, "आणि मामा, ते आपल्या लोकांना काय समजत होते?"

हे खरं होतं. माझ्या पणजोबांसारख्यांना ती माणसं अंधारात चाचपडणारी समजत होती. त्यांच्या लिखाणात आपल्या देवाधर्माबद्दल जे येतं ते आज वाचवत नाही. पणजोबांच्या हातात पुस्तक आलं ते त्याच माणसांमुळे, हेही तितकंच खरं. या दोन गोष्टी मला अजून एकत्र बसवता आलेल्या नाहीत. पण मी मुद्दा सोडला नाही. दुसरं अस्त्र काढलं, जे अशा वेळी सगळेच काढतात. म्हटलं, सेवाच करायची तर टाटा हॉस्पिटल इथून पंधरा मिनिटांवर आहे. बिहार-बंगालहून आलेले पेशंट फुटपाथवर झोपतात, त्यासाठी विमान कशाला?

"तू कितीदा गेलास?"

एकदाही नाही. साठी जवळ आली, त्या फुटपाथवरून हजारदा गेलोय, पण थांबलो नाही. 'आधी जवळचं बघा' म्हणणारे आपण बहुतेक जण ना जवळचं बघत, ना लांबचं.

इतका वेळ गप्प बसलेली आई तेव्हा बोलली. "ते गोरे गेले तेव्हा तू महिनाभर ती गाणी म्हणत हिंडत होतास. पोपडे निघाले ते बरे लक्षात राहिले तुझ्या."

काय बोलणार?

मग कामाचं बोललो. कागदावर प्रवेशाची परवानगी कुठली ते लिहिलेलं नव्हतं. ते विचारून घे म्हटलं, कारण आपल्याकडेही टुरिस्ट व्हिसावर येऊन धर्मप्रचार केलेला चालत नाही. पीतज्वराची लस निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घे, नाहीतर परत येताना इथेच अडवतील. आणि तिथल्या लोकांनी भिंत रंगवून मागितली आहे, की ते तुमच्याच संघाने ठरवलं, हे तुमच्या पाळकांना विचार.

हा शेवटचा प्रश्न तिने खरंच विचारला. उत्तर आलं की शाळेला भिंतीपेक्षा पाण्याची टाकी हवी आहे. आता संघात त्यावर वाद चालू आहे, टाकी बसवायला बारा जण कशाला हवेत म्हणून. मी निम्मे पैसे दिलेत. मोबाईलवर ती स्वाहिली शिकतेय आणि रोज फोनवर आजीला एक शब्द सांगते. आई तो लगेच विसरते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते.

परवा भाची म्हणाली, परत आल्यावर दर शनिवारी टाटाला जायचं ठरवलंय, मामा, तूही चल.

मी म्हटलं, बघू.