सूर्य उदार, पाणी मोजके

माघ शुद्ध सप्तमीची सकाळ उजाडली की आपल्या घरी पाटावर सात घोड्यांचा रथ रेखला जातो, तुळशीपुढे गोवऱ्यांच्या विस्तवावर बोळक्यातले दूध उतू जाते आणि संक्रांतीपासून चाललेल्या हळदीकुंकवाची सांगता होते. दिवस मोठा होऊ लागलेला असतो, उन्हाला धार चढत असते आणि शिवारात गहू, हरभरा, कांदा पाण्याच्या पाळ्या मागत असतात. सूर्याची पूजा आणि रब्बीचे भरणे आपल्याकडे असे एकाच ऋतूत येते. आता तर विहिरीतले पाणी सूर्यच वर काढू लागला आहे. म्हणून आजच्या रथसप्तमीला या नव्या नात्याचा विचार करायला हवा.

शेतीची वीज एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री, अशी फिरत आली. रात्रीच्या पाळीत, अंगावर काटा आणणाऱ्या गारठ्यात, साप-विंचवाचे आणि कित्येक तालुक्यांत बिबट्याचे भय मनात घेऊन दारे धरणाऱ्या शेतकऱ्याच्या जागरणावर आपले अन्न पिकत आले आहे. सौर कृषिपंपाने हे जागरण सरते, ही त्याची पहिली पुण्याई. केंद्राची पीएम-कुसुम योजना २०१९ पासून आणि राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना २०२४ पासून आहे. सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीचा १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के वाटा उचलायचा आणि जमिनीच्या मानाने ३, ५ किंवा ७.५ अश्वशक्तीचा पंप बसवायचा. मग विजेचे बिल नाही, डिझेलचा खर्च नाही, भारनियमनाची धास्ती नाही.

पण बिल, डिझेल आणि भारनियमन यांच्या जाचातच उपशाला लगामही होता. तो सुटला, आता संयम आपला आपणच पाळायचा आहे. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग काळ्या बेसाल्टच्या कातळावर वसला आहे. त्यात पाणी साठते ते मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत, आणि पावसाळ्यात मुरेल तेवढ्यावरच वर्ष काढायचे असते. शेजाऱ्याची विहीर आणि आपली बोअर बहुधा एकाच साठ्यावर जगतात. सूर्य रोज नव्याने देतो. भूमी मात्र वर्षातून एकदाच भरते.

या संयमाचे धडे दूर शोधायला नकोत. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत उभी केली. तिने पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर न ठरवता घरातल्या माणसांवर ठरवला, भूमिहीनांनाही हक्क दिला आणि ऊस वर्ज्य मानला. हिवरे बाजारची ग्रामसभा पडलेल्या पावसाचा ताळेबंद मांडून पिके ठरवते. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात सौरपंपधारक शेतकऱ्यांनी सहकारी मंडळी स्थापून उरलेली वीज विकायला घेतली. म्हणजे पंप थांबला तरी सूर्याची कमाई थांबत नाही, आणि पाणी जमिनीत राखण्यालाही मोल येते.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. रथसप्तमी जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत येते. उन्हाळी पिकांचा निर्णय नेमका तेव्हाच व्हायचा असतो. या दिवशी प्रत्येक गावाने आपल्या विहिरींची पातळी मोजून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावी, उन्हाळी पिकाखालचे क्षेत्र तीवरून ठरवावे आणि सौरपंप घेणाऱ्याने त्याला ठिबकाची जोड द्यावी. नव्या पंपापुढे नारळ फोडण्याची रीत आपल्याकडे आहेच. तिच्या जोडीला पाणी मोजण्याची रीतही आपण आजपासून पाडू या.