पोफळीच्या पानातील बिऱ्हाड

हरिहरेश्वरला येणारा यात्रेकरू देवदर्शन करतो, समुद्राकाठच्या खडकांवरून प्रदक्षिणा पूर्ण करतो आणि परतताना नारळ-सुपारी विकत घेतो. ज्या वाड्यांतून ही सुपारी येते, तेथेच एका लहानशा फुलपाखराचा संसार थाटलेला असतो. तो मात्र सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

शास्त्रात या फुलपाखराला ‘सुआस्टस ग्रेमियस’ म्हणतात. इंग्रजी नाव ‘पाम बॉब’. फॅब्रिशियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने १७९८ मध्ये त्याचे वर्णन केले. पुढे १८८१ मध्ये मूर यांनी ‘सुआस्टस’ ही स्वतंत्र प्रजाती मानली. तिच्यातील जाती मोजक्याच असून त्या सर्व आशियातील आहेत. ‘ग्रेमियस’ भारतात सर्वदूर आढळते, ‘मायन्यूटस’ ही लहान जाती सह्याद्रीच्या दक्षिण भागात आणि श्रीलंकेत दिसते, तर आणखी काही जाती मलायापासून फिलिपाइन्सपर्यंत विखुरल्या आहेत.

हे फुलपाखरू ‘स्किपर’ म्हणजे चपळ कुळातील. अंगाने जाड, रंगाने तपकिरी. मागील पंखांच्या राखाडी खालच्या बाजूवर काळे ठिपके. मिशांची टोके आकड्यासारखी वळलेली. उड्डाण इतके वेगवान की डोळा ठरत नाही. रंगाच्या साधेपणामुळे अनेकजण त्याला पतंगच समजतात.

त्याची खरी कथा मात्र पानावर घडते. मादी माड, पोफळ, शिंदी अशा ताडकुळातील झाडांच्या पानांवर लालसर अंडी घालते. अंड्यातून निघालेली हिरवी अळी पानाची कड कातरून दुमडते, रेशमी धाग्यांनी शिवते आणि त्या घडीत राहते. कोशावस्थाही अशाच घडीत पार पडते. मुंबईतील सोसायटीच्या आवारातील शोभेच्या ताडावरही असे बिऱ्हाड सापडते.

एरवी उंच माडावरील चार कातरलेल्या पात्यांचे कोणाला दुःख नसते. परंतु ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन तालुक्यातील असंख्य माड-पोफळी एका दिवसात आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी हाती येईपर्यंत पाच-सात वर्षे जातात. ज्याचे उत्पन्न असे एकाएकी थांबले, त्याला नव्या रोपाचे एकेक पान मोलाचे वाटणे स्वाभाविक आहे. दुमडलेले पान दिसताच त्याचा हात फवारणीच्या पंपाकडे वळतो, तो याच काळजीने.

येथे हिशेब नीट मांडला पाहिजे. या अळीचा उपद्रव बहुधा थोड्या पात्यांपुरता राहतो, कारण तिच्यावर वाढणाऱ्या इवल्या परजीवी गांधीलमाश्या तिची संख्या आटोक्यात ठेवतात. विषारी फवारा अळीबरोबर या राखणदारांनाही मारतो. मग पुढची अळी येते, तेव्हा तिला आवरणारे कोणी उरत नाही. रोप लहान असेपर्यंत पाने हाताशीच असतात. अळ्या फारच वाढल्या, तर तेवढी पाती कापून वाडीच्या कडेच्या शिंदीवर नेऊन ठेवता येतात. रोपही वाचते आणि जीवही.

पेढीवर सुपारीचे पोते उतरते तेव्हा त्याचे वजन होते, प्रत ठरते, भाव लागतो. ज्या वाडीतून ते आले, तेथे कोणी पंप खाली ठेवून एक दुमडलेले पान तसेच राहू दिले असेल, तर त्याची नोंद कोणत्याही खतावणीत होत नाही. ती नोंद काही दिवसांनी, त्याच पानातून उडून जाते.